आपला नमुना, आपले नाव

लग्नघरी रुखवत मांडला की बायकांचा घोळका तिथे जमतोच. लाडू-करंज्यांवरून नजर फिरते आणि थांबते ती तोरणावर, ताटावरच्या रुमालावर, देव्हाऱ्याच्या पडद्यावर. एखादी बाई हळूच पदर सावरून खाली वाकते आणि बोटाने खांब मोजू लागते. "पाच साखळ्या, मग तीन खांब, मग परत जाळी," असे तोंडातल्या तोंडात पुटपुटते आणि घरी जाऊन तसाच नमुना उतरवते. पुसेगाव असो, सेनगाव असो की हिंगोली, क्रोशाचे नमुने आपल्याकडे असेच एका लग्नातून दुसऱ्या लग्नात गेले. माहेरचा नमुना सासरी गेला, सासरचा नणंदेबरोबर तिच्या गावी गेला.

ही रीत चांगलीच आहे. पण तिच्यात दोन उणिवा आहेत. पहिली ही, की नमुना फक्त हातात राहतो, कागदावर येत नाही. ज्या म्हातारीच्या हातात तो होता, ती गेली की नमुनाही गेला. पेटीत तिचे एखादे तोरण उरते, तेही उंदीर-कसर लागून विरते. दुसरी उणीव ही, की नमुना कोणी बसवला त्या बाईचे नाव कोठेच राहत नाही. दहा गावच्या दारांवर तिचे तोरण झुलते, पण ते तिचे आहे हे तिच्या सुनेलाही ठाऊक नसते.

आज नमुना स्वतः कसा बसवावा, कागदावर कसा लिहावा आणि इतरांना कसा द्यावा, याविषयी बोलायचे आहे. शेतीच्या पानांत क्रोशाचे काय काम, असे कोणी म्हणेल. काम आहे. कसे ते पाहा.

नमुना म्हणजे बियाणेच

आपल्या घरात बियाणे कोण राखते? बहुतेक घरांत बाईच. भोपळ्याची, दोडक्याची, वालाची निवडक बी राखेत घोळून गाडग्यात ठेवायची, शेजारणीला मूठभर द्यायची आणि आपले बी वाया गेले तर तिच्याकडून परत आणायचे. वाटलेले बी कधी बुडत नाही. आपल्या घरचे गेले तरी दुसऱ्याच्या घरी ते जिवंत असते. क्रोशाच्या नमुन्याचे तसेच आहे. लपवून ठेवलेला नमुना एका पेटीबरोबर संपतो, वाटलेला नमुना टिकतो.

पण बियाण्याच्या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे एक गाव आहे. मराठवाड्यातले नांदेड ते वेगळे. तिथले दादाजी खोब्रागडे हे दीड एकराचे शेतकरी. १९८३ च्या सुमारास त्यांना आपल्या धानात काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्या त्यांनी निवडून वेगळ्या ठेवल्या, वर्षानुवर्षे पेरून पाहिल्या आणि त्यातून बारीक दाण्याचे, चांगल्या उताऱ्याचे वाण तयार केले. त्या काळी एच.एम.टी. घड्याळाचे मोठे आकर्षण होते, म्हणून वाणाला नाव पडले एच.एम.टी. दादाजींनी बी शेजाऱ्यापाजाऱ्यांना दिले आणि बघता बघता ते दूरवर पसरले. पुढे १९९८ मध्ये त्याच बियाण्यातून शुद्ध केलेले वाण एका संस्थेच्या नावाने प्रसारित झाले. घड्याळाचे नाव राहिले, संस्थेचे नाव लागले, दादाजींचे नाव मात्र मागे पडले. २००५ मध्ये नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशनने त्यांचा गौरव केला, तेव्हा कोठे ते चार लोकांना कळले. २०१८ मध्ये ते वारले.

दादाजींनी बी वाटले यात त्यांची काही चूक नव्हती. वाटले म्हणूनच ते हजारो शेतांत पोहोचले. उणीव एवढीच होती, की बियाण्याबरोबर त्यांचे नाव गेले नाही. क्रोशाच्या नमुन्याबाबत आपण ही उणीव राहू देऊ नये.

बटाट्याचा करपा आणि क्रोशाची सुई

क्रोशाने शेतकऱ्याचे घर सावरले, असे उदाहरण जगात आहे. आयर्लंड हा इंग्लंडशेजारचा देश. तिथला गरीब शेतकरी एकट्या बटाट्यावर जगत असे. १८४५ मध्ये त्या पिकावर करपा आला. तोच करपा, जो आजही ओलसर थंड हवेत आपल्या बटाट्यावर व टोमॅटोवर येतो. पाने काळी पडली आणि जमिनीतले बटाटे सडले. पुढच्या सात-एक वर्षांत सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने व रोगराईने गेली आणि त्याहून अधिक देश सोडून गेली.

त्या संकटात मठांतल्या जोगिणींनी आणि काही सुशिक्षित बायकांनी गावोगावी मुलींना क्रोशा शिकवला. मोनाहन परगण्यातल्या क्लोन्स या गावी कॅसांड्रा हँड या पाद्र्याच्या पत्नीने १८४७ मध्ये हे काम सुरू केले. सुई आणि सुताचे रीळ एवढेच भांडवल. बायका घरी बसून फुले, पाने विणत. ती जोडून लेस तयार होई आणि श्रीमंतांच्या कपड्यांना लागे. त्या पैशावर कित्येक घरांची चूल पेटली.

तिथे एक चाल पडली. एखादे घर गुलाबाचे फूल विणण्यात तरबेज असे, दुसरे घर तीन पानांच्या गवताचा नमुना करी. आपला नमुना शेजारणीला दिसू नये म्हणून बायका जपत असत. पोटाचा प्रश्न होता, त्यामुळे त्यांना दोष देता येत नाही. पण पुढे यंत्राची स्वस्त लेस आली, पहिल्या महायुद्धानंतर मागणी ओसरली आणि जे नमुने एकेका घरात अडकले होते ते त्या घराबरोबर गेले. जे छापले गेले ते आजही विणता येतात. त्याच काळात, १८४० नंतरच्या दहा वर्षांत, रिएगो नावाच्या बाईने लंडनमध्ये क्रोशाच्या नमुन्यांची लहान लहान पुस्तके स्वतःच्या नावाने काढली. पावणेदोनशे वर्षे झाली, तिचे नमुनेही आहेत आणि नावही आहे.

गोदावरीच्या मुखाशी

आता आपल्या देशातली गोष्ट पाहू. आपल्या कयाधूचे पाणी पैनगंगा, वर्धा, प्राणहिता असे करत शेवटी गोदावरीला मिळते. ती गोदावरी आंध्र प्रदेशात जिथे समुद्राला मिळते, त्या भागात नरसापूर आहे. १८४४ च्या सुमारास मॅक्रे नावाच्या स्कॉटलंडच्या मिशनरी जोडप्याने तिथे क्रोशाची लेस शिकवली. आसपासच्या खेड्यांत घरोघर सुया चालू लागल्या आणि माल परदेशी जाऊ लागला.

पण नफा कोणाला झाला? मारिया मीस या जर्मन अभ्यासक बाईंनी तिथे राहून पाहणी केली. त्यांचे पुस्तक १९८२ मध्ये निघाले. त्यांना दिसले ते असे. बायका घरकाम सांभाळून दिवसाचे सहा ते आठ तास लेस विणत. सूत व्यापाऱ्याचे, नमुना व्यापाऱ्याचा. एकीने फक्त फुले विणायची, दुसरीने ती जोडायची. तयार माल कोणत्या देशात, कोणत्या भावाने जातो हे विणणारीला ठाऊक नसे. हाती पडणारी मजुरी शेतमजूर बाईच्या ठरलेल्या किमान मजुरीपेक्षाही खूप कमी. वर "ती काही काम करत नाही, घरीच असते" हे ऐकायचे ते ऐकायचेच. शेतात दिवसभर निंदणी-खुरपणी करूनही ज्यांच्या नावापुढे "घरकाम" असे लिहिले जाते, त्या आपल्या बायकांना हे वेगळे सांगायला नको.

२०२४ मध्ये नरसापूरच्या या लेसला भौगोलिक मानांकन मिळाले. आपल्या जिल्ह्यातल्या वसमतच्या हळदीलाही त्याच वर्षी मिळाले. म्हणजे त्या गावाचे नाव मालाला कायद्याने लागले. हे चांगले झाले. तरी गावाचे नाव लागायला पावणेदोनशे वर्षे गेली. आपण आपल्या नमुन्यावर आपले नाव आजच लावू शकतो, त्याला एक वही आणि एक पेन्सिल पुरते.

नमुना कसा बसवावा

नवा नमुना बसवायला चित्रकला यावी लागते, हा गैरसमज आहे. सर्वांत सोपा प्रकार चौकटींच्या जाळीचा. मुलांची गणिताची चौकटीची वही घ्या. वहीतली एक चौकट म्हणजे विणकामातली एक चौकट. रिकामी ठेवली तर पोकळ जाळी, पेन्सिलीने भरली तर भरीव. आपल्या आयांनी तोरणावर राघू, मोर, कलश आणि "सुस्वागतम्" अशी अक्षरे काढली ती याच युक्तीने.

आता नमुना कशाचा करावा? बाजारच्या पाकिटावरचे इंग्रजी गुलाब कितीदा उतरवणार? आपल्या शिवारात बघा. हळदीचे पान आहे, कापसाचे फुटलेले बोंड आहे, ज्वारीचे कणीस आहे, तुरीची शेंग आहे. पोळ्याच्या बैलाची शिंगे आहेत, अंगणातले तुळशी वृंदावन आहे. जे रोज पाहता ते हातातून नीट उतरते आणि ते दुसऱ्या कोणाच्या पाकिटावर नसते.

प्रथम लहान आकार घ्या, नऊ किंवा अकरा चौकटी रुंदीचा. विषम संख्या घेतली की मधली चौकट सापडते आणि दोन्ही बाजू सारख्या भरता येतात. चित्र काढून झाले की वही भिंतीला टेकवून चार पावले मागे जाऊन पाहा. लांबून ओळखू आले तर नमुना साधला. ओळखू येत नसेल तर चौकटी कमी-जास्त करा, रबर आहेच.

करून पाहा : हळदीचे पान

नुसत्या सांगण्याने काही होत नाही, म्हणून एक नमुना देते. नऊ चौकटी रुंद आणि अकरा ओळी उंच. आधी वहीत काढा. "पो" म्हणजे पोकळ, "भ" म्हणजे भरीव.

ओळ १ : ४ पो, १ भ, ४ पो
ओळ २ : ४ पो, १ भ, ४ पो
ओळ ३ : ३ पो, ३ भ, ३ पो
ओळ ४ : २ पो, २ भ, १ पो, २ भ, २ पो
ओळ ५ : १ पो, ३ भ, १ पो, ३ भ, १ पो
ओळ ६ : ओळ ५ प्रमाणे
ओळ ७ : ओळ ५ प्रमाणे
ओळ ८ : २ पो, २ भ, १ पो, २ भ, २ पो
ओळ ९ : ३ पो, १ भ, १ पो, १ भ, ३ पो
ओळ १० : ४ पो, १ भ, ४ पो
ओळ ११ : ९ पो

पहिल्या दोन ओळी देठाच्या. मधली पोकळ रेघ म्हणजे पानाची शीर. प्रत्येक ओळीची बेरीज नऊ येते का हे तपासा. स्वतःचा नमुना बसवतानाही हीच पहिली तपासणी.

आता विणायचे असे. पोकळ चौकट म्हणजे दोन साखळ्या व एक खांब. भरीव चौकट म्हणजे तीन खांब. सुरुवातीच्या साखळ्या काढायचा हिशेब सोपा आहे. चौकटींची संख्या गुणिले तीन, अधिक पाच. आपल्या पानाला नऊ त्रिक सत्तावीस आणि पाच, अशा ३२ साखळ्या. सुईपासून आठव्या साखळीत पहिला खांब घाला, की पहिली पोकळ चौकट तयार होते. पुढे पोकळ चौकटीसाठी दोन साखळ्या घालून खालच्या दोन साखळ्या सोडायच्या व तिसरीत खांब घालायचा. भरीव चौकटीसाठी पुढच्या तिन्ही साखळ्यांत एकेक खांब. ज्या नमुन्याची पहिलीच चौकट भरीव असेल, तिथे पाचाऐवजी तीन मिळवा आणि चौथ्या साखळीत खांब घाला.

ओळ संपली की काम उलटवा. पुढची ओळ पोकळ चौकटीने सुरू होत असेल तर पाच साखळ्या, भरीवने होत असेल तर तीन साखळ्या. पोकळीवर भरीव चौकट आली तर जाळीच्या भोकात दोन खांब आणि पुढच्या खांबावर एक. भरीववर पोकळ आली तर दोन साखळ्या घालून दोन खांब सोडायचे व तिसऱ्यावर खांब. या पानात प्रत्येक ओळीची शेवटची चौकट पोकळ आहे. तिथे कडेच्या दोन साखळ्या सोडून तिसऱ्या साखळीत शेवटचा खांब घाला, म्हणजे कड सरळ राहते.

मापाचा व दोऱ्याचा हिशेब

एकच नमुना दोघींनी विणला तर एकीचे तोरण दारात बसते आणि दुसरीचे तोकडे पडते. हाताची ओढ वेगळी असते. पेरणीआधी उगवण तपासतो, तसा विणण्याआधी तुकडा करून पाहावा. हे एकच पान विणा, धुऊन, ताणून, वाळवून मग मोजा.

समजा तुमच्या हाताने दहा चौकटी ५ सेंमी भरल्या. दार ९० सेंमी रुंद आहे. म्हणजे १८० चौकटी हव्यात. पान नऊ चौकटींचे, म्हणजे बरोबर २० पाने बसली. साखळ्या लागतील १८० गुणिले ३ अधिक ५, म्हणजे ५४५. हिशेबात पाने पूर्ण बसत नसतील तर दोन पानांच्या मध्ये एकेक पोकळ चौकट जास्त ठेवा किंवा दोन्ही कडांना सारखी जाळी वाढवा. अर्धे पान कधी ठेवू नये, ते नजरेला खटकते.

दोरा किती लागेल, हेही आधी कळते. तयार पान किराणा दुकानातल्या इलेक्ट्रिक काट्यावर वजन करून घ्या. एक पान ३ ग्रॅम भरले तर वीस पानांना ६० ग्रॅम. झालर, मणी आणि तूटफूट यासाठी थोडा दोरा जास्त धरा. दोरा एकाच वेळी आणा, कारण एका रंगाचे दोन लॉट सारखे नसतात. सुती दोऱ्याचा नंबर जितका मोठा तितका दोरा बारीक, हे ध्यानात असू द्या. २० नंबरापेक्षा ४० नंबर बारीक. त्या मानाने सुईही बारीक लागते.

कागदावर काय लिहावे

नमुना लिहिताना असे समजा, की वाचणारी बाई दूरच्या गावची आहे आणि तिला तुम्हाला काही विचारता येणार नाही. तिला लागेल ते सर्व कागदावर हवे. पुढील गोष्टी लिहाव्यात :

१. नमुन्याचे नाव. "हळदीचे पान", "पुसेगावचे बोंड" असे सोपे, लक्षात राहील असे.
२. बसवणारीचे नाव, गाव आणि वर्ष.
३. दोऱ्याचा नंबर आणि सुईचा नंबर.
४. किती चौकटी व ओळींना किती सेंमी भरले.
५. सुरुवातीच्या साखळ्या.
६. चौकटींचे चित्र आणि त्याखाली ओळवार आकडे.
७. कड कशी विणली, मणी कोठे ओवले, कसे धुवावे.

गोल रुमालाला किंवा फुलाला चौकटी चालत नाहीत. तिथे खुणांचे चित्र काढतात. जगभर साधारण अशा खुणा चालतात : साखळीला लहान लंबगोल, मुक्या खांबाला फुली किंवा अधिकची खूण, खांबाला इंग्रजी टी अक्षर आणि त्याच्या दांड्यावर एक तिरकी रेघ. या खुणा येऊ लागल्या की जपानी पुस्तकातला नमुनाही भाषा न येता विणता येतो आणि आपला नमुना तिकडची बाईही विणू शकते.

इंग्रजी पुस्तके वा व्हिडिओ पाहणाऱ्या मुलींनी एक घोटाळा टाळावा. अमेरिकेत ज्याला सिंगल क्रोशे म्हणतात, त्याला इंग्लंडमध्ये डबल क्रोशे म्हणतात. तो आपला मुका खांब. अमेरिकेतला डबल तो इंग्लंडमधला ट्रेबल, म्हणजे आपला साधा खांब. नमुना कोणत्या देशाचा हे न पाहता सुरुवात केली तर सगळे माप बिघडते. म्हणून आपला नमुना लिहितानाही "खांब म्हणजे सुईवर एक वेढा घेऊन घातलेला" असे एकदा स्पष्ट लिहून टाकावे. गावागावांत टाक्यांची नावे थोडी बदलतात.

दुसरीच्या हातून करून घ्या

नवे वाण कागदावर कितीही चांगले असले तरी शेतकऱ्याच्या शेतात त्याचे प्रात्यक्षिक घेतल्याशिवाय आम्ही ते पेरा म्हणून सांगत नाही. नमुन्याचेही प्रात्यक्षिक घ्या. लिहिलेला कागद बचत गटातल्या एखादीला द्या आणि आपण गप्प बसा. ती कोठे अडते ते पाहा. जिथे ती "इथे काय करायचं गं?" असे विचारील, तिथे तुमचे लिहिणे अपुरे आहे. ती ओळ दुरुस्त करा. मग दुसरीला द्या, शक्य तर नवशिक्या मुलीला. दोघींनी न विचारता विणले म्हणजे नमुना वाटायला तयार झाला. ज्यांनी करून पाहिले त्यांची नावेही कागदावर खाली लिहा. यात आपले काही कमी होत नाही.

ज्यांना लिहिता येत नाही त्या आजीबाईंचे काय? त्यांचे नमुने तर आधी उतरवायला हवेत. शाळकरी नात शेजारी बसवा. आजीने एकेक ओळ विणावी आणि नातीने चौकटी भरत जावे. जुने तोरण असेल तर ते पांढऱ्या किंवा काळ्या कापडावर पसरा, म्हणजे चौकटी स्पष्ट दिसतात, आणि मोजून वहीत उतरवा. वर आजीचे नाव, माहेरचे गाव आणि कोणाकडून शिकली ते लिहा. उन्हाळ्याच्या सुटीत एका आजीची सगळी विद्या एका वहीत सहज मावते.

वाटा, पण नावासह

आपल्या जिल्ह्यातले नर्सी हे संत नामदेवांचे गाव. शिंप्याच्या कुळातले, सुई-दोऱ्याचे घर. त्यांचे आणि जनाबाईंचे अभंग सातशे वर्षे लाखो लोक गात आले, कोणी कोणाला अडवले नाही. पण अभंगाच्या शेवटी नाममुद्रा येते आणि गाणारा ती वगळत नाही. सर्वांना द्यायचे आणि नाव राखायचे, ही रीत आपल्याकडे तेव्हापासून आहे. तोरणाच्या नमुन्यालाही तीच लावायची. नाव लिहिलेला कागद द्या. मोबाइलवर फोटो पाठवणार असाल तर नुसत्या तोरणाचा पाठवू नका. नाव आणि गाव लिहिलेली चिठ्ठी तोरणावर ठेवून फोटो काढा. नाहीतर तो फोटो दहा गटांतून फिरून तुमच्याकडेच परत येतो आणि खाली दुसऱ्याचे नाव असते.

कायदाही थोडा समजून घ्यावा. साखळी, खांब, जाळी हे टाके कोणाच्या मालकीचे नाहीत. पण तुम्ही स्वतः काढलेले चित्र आणि स्वतःच्या शब्दांत लिहिलेली कृती यांवर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने तुमचा हक्क असतो. त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. हा हक्क हयातभर आणि त्यानंतर साठ वर्षे राहतो. वहीवर नाव आणि तारीख असली की सांगायला पुरावा राहतो. एखाद्या नमुन्याचा माल कारखान्यात काढायचा बेत असेल, तर २००० च्या डिझाइन कायद्याखाली नोंदणी ही वेगळी गोष्ट आहे आणि ती नमुना जगाला दाखवण्याआधी करावी लागते. बियाण्यालाही असाच कायदा आहे. २००१ च्या वाणसंरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला आपले बी राखण्याचा, बदलण्याचा, वाटण्याचा आणि विकण्याचा हक्क दिला. फक्त संरक्षित वाणाचे बी ब्रँड लावून विकता येत नाही. स्वतःच्या वाणाची नोंद स्वतःच्या नावाने करण्याची सोयही त्यात आहे.

जो हक्क आपण मागतो तो दुसरीलाही द्यायला हवा. विकतच्या पुस्तकातली पाने झेरॉक्स करून विकू नयेत. शेजारणीच्या नमुन्यात चार चौकटी बदलल्या तर "मूळ नमुना अमकीचा, बदल माझा" असे लिहावे. एवढ्याने दोघींचाही मान राहतो.

पैशाचे बोलू

महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५ पासून आहे, उमेद अभियान २०११ पासून. यांच्यामुळे गावोगाव गट झाले आणि गटांच्या वस्तू प्रदर्शनांत पोहोचल्या. तिथे पाहिले तर दहा दुकानांत एकाच पाकिटावरून उतरवलेली एकसारखी तोरणे असतात. मग गिऱ्हाईक भाव पाडून मागते, कारण शेजारच्या दुकानात तेच आहे. हळदीच्या पानाचे तोरण मात्र एकाच ठिकाणी असेल. त्याला चिठ्ठी लावा : नमुन्याचे नाव, बसवणारीचे नाव, विणणारीचे नाव, गाव पुसेगाव, जिल्हा हिंगोली. किंमत धरताना दोऱ्याचा खर्च तर धराच, पण किती तास लागले ते लिहून ठेवा आणि त्या तासांची मजुरी धरा. फावल्या वेळात केले म्हणजे फुकट केले असे नव्हे. निंदणीला गेला असतात तर मजुरी घेतलीच असती.

गटाने एक सामाईक वही ठेवावी. प्रत्येकीने वर्षाला एक नमुना तिच्यात घालावा. बारा बायकांचा गट असेल तर पाच वर्षांत साठ नमुने होतात. गावातली कोणीही तो विणावा, विकला तर बसवणारीला ठरलेला थोडा वाटा द्यावा. किती, ते गटाच्या बैठकीत ठरवून वहीत लिहावे. तोंडी बोलीवर भांडणे होतात.

सोयाबीन निघून हरभरा पेरला की थोडी उसंत मिळते. त्या दिवसांत एक चौकटीची वही आणा. पहिल्या पानावर घरातल्या सर्वांत वडील बाईचा नमुना उतरवा, तिच्या नावासह. दुसऱ्या पानावर तुमचा स्वतःचा. मग ती वही लेकीला दाखवा आणि शेजारणीलाही द्या.